अ‍ॅमिटी प्रतिष्ठान आणि चिनी मंडळ्यांशी भागीदारी

अ‍ॅमिटी प्रतिष्ठान (चिनी नाव ‘आयदे’) : चिनी ख्रिस्ती लोकांनी 1985 मध्ये नानजिंग येथे स्थापन केलेली समाजसेवी संस्था. बिशप डिंग ग्वांगशुन (1915–2012) हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख. परदेशी मंडळ्यांचा (म्हणजे चर्चचा) पैसा आणि माणसे तर हवीत, पण चिनी मंडळीच्या कारभारात त्यांचा हात नको, हा पेच तिने सोडवला.

पेचाचे मूळ त्रिस्वयं तत्त्वात आहे : स्वयंशासन, स्वयंपोषण, स्वयंप्रसार. हे सूत्र जन्माने चिनी नाही. एकोणिसाव्या शतकात हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन या मिशन-चिटणिसांनी ते मांडले. अँडरसन 1854–55 च्या भारतदौऱ्यात अहमदनगरलाही येऊन गेले. मंडळ्या देशी पाळकांकडे (धर्मगुरूंकडे) सोपवाव्यात, हाच त्यांचा आग्रह होता. चीनमध्ये त्याला राजकीय धार आली ती कोरियन युद्धाच्या काळात. मिशनरी गेले, परदेशी पैसा थांबला, 1954 मध्ये त्रिस्वयं देशभक्त चळवळ उभी राहिली.

1958 पासून निरनिराळ्या पंथांच्या उपासना एकत्र करण्यात आल्या. त्यामुळे परदेशातील लुथरन किंवा अँग्लिकन मंडळीला चीनमध्ये स्वपंथीय जोडीदार शोधून उपयोग नसतो. बोलणी ‘लियांगहुई’शीच करावी लागतात, म्हणजे ही चळवळ आणि 1980 मध्ये स्थापन झालेली चीन ख्रिस्ती परिषद या दोघींशी. परिषद 1991 मध्ये जागतिक चर्च परिषदेची सदस्य झाली.

भागीदारीचे सर्वांत ठोस फळ म्हणजे अ‍ॅमिटीचा नानजिंगमधील बायबलचा छापखाना. संयुक्त बायबल सोसायट्या या जागतिक संघाबरोबरच्या या संयुक्त उपक्रमात 1987 पासून छपाई सुरू आहे. बाहेरची मदत मुख्यतः कागदाच्या रूपाने येते. कागदाचा खर्च दात्यांनी उचलला की खेड्यातल्या विश्वासणाऱ्याला पवित्र शास्त्र (बायबल) स्वस्तात मिळते. हा कागद दर चौरस मीटरला साधारण 30–40 ग्रॅमचा, नेहमीच्या पुस्तकी कागदाच्या निम्म्या वजनाचा. एरवी हजारावर पानांचे पुस्तक हातात मावणार नाही. मात्र पातळ कागदावर मागची अक्षरे पुढे दिसतात, रिळाचा ताण जरा चुकला की तो फाटतो, आणि हवा कोरडी असली की स्थिर विजेमुळे पाने एकमेकांना चिकटतात. 2012 मध्ये प्रतींची संख्या 10 कोटींवर गेली, 2019 मध्ये 20 कोटींवर. हा आकडा चीनमधील वाटपाचा समजला जातो, ते चूक. त्यात निर्यातीचा वाटा मोठा आहे.

माणसांची देवाणघेवाणही याच चौकटीत बसवली गेली. परदेशी मंडळ्यांनी पाठवलेले शिक्षक चिनी महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत. वर्गात धर्मप्रसाराला मनाई असे.

नियम आता अधिक कडक आहेत. 1 जानेवारी 2017 पासून परदेशी स्वयंसेवी संस्थेला पोलीस खात्याकडे नोंदणी करावी लागते किंवा चिनी भागीदारामार्फत तात्पुरत्या कामाची नोंद द्यावी लागते. 1 फेब्रुवारी 2018 पासून लागू असलेल्या धर्मविषयक नियमांनुसार धार्मिक संस्थेला एक लाख युआनपेक्षा मोठी परदेशी देणगी सरकारी मंजुरीशिवाय घेता येत नाही, आणि अटी घातलेली देणगी तर मुळीच नाही. देणगीपत्रात ‘अमुक पाळकाची नेमणूक व्हावी’ असे एक वाक्य घातले तरी ती अडते.

या भागीदारीवर मुख्य आक्षेप असा की नोंदणी नसलेल्या गृहमंडळ्या (घरोघरी जमणाऱ्या मंडळ्या) तिच्या बाहेरच राहतात. अधिकृत संस्थांशी नाते जपायचे म्हणून परदेशी भागीदारही जपून बोलतात. 2014–16 मध्ये चेजियांग प्रांतात चर्चवरील क्रूस उतरवले गेले, त्यांत नोंदणीकृत चर्चही होती, तेव्हा ही अडचण उघड झाली. छापलेल्या शास्त्राची अधिकृत विक्रीही मंडळ्यांच्याच जाळ्यातून होते. 2018 च्या वसंतात ऑनलाइन दुकानांतून ते हटवले गेल्यावर दूरच्या ग्राहकाला नोंदणीकृत चर्च गाठण्यावाचून सोपा मार्ग उरला नाही.