रुपयाचा दंड, वहीतली चांदणी

पोराला शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला १ रुपया दंड. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्यातली ही तरतूद. सक्ती होती ती आईबापांवर. वर्गात येऊन बसलेल्या पोराचं मन कसं लागावं, हे कुठल्याच कायद्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम पुढं कितीतरी वर्षं छडीनं केलं, म्हणजे केलं असं मास्तरांना वाटलं. शाळेत मारायला कायद्यानं साफ बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये.

छडी गेली आणि बक्षीस आलं, असंही नाही. दोन्ही शेजारी शेजारीच नांदत होती. ज्या कृतीनंतर सुख मिळतं ती पुन्हा केली जाते, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून मांडलं, १८९८ पासून. पुढं स्किनर यांनी त्याचं अख्खं शास्त्र उभारलं. चांगल्या कामाला बाई वहीत चिकटवतात ती चांदणी याच घराण्यातली.

आमची भाची दुसरीत. चांदणी मिळायची तोवर अक्षर मोत्यासारखं. बाईंकडची चांदण्यांची पट्टी संपली आणि आठवड्याभरात ओळी उताराला लागल्या. विचारलं तर म्हणाली, "आता कशाला?"

नेमकं हेच १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांना स्टॅनफर्डच्या बालवाडीत दिसलं होतं. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली पोरं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर आमिष दाखवलेली पोरं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमत होती. न सांगता मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

मग मन लागतं कशानं? डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ च्या ग्रंथापासून पुढं तीन गरजा मांडल्या: आपल्या मनानं करायची मोकळीक, जमतंय ही जाणीव, आणि माणसांची आपुलकी. योगायोग असा, की त्याच वर्षी कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. आनंद हा शब्द शाळेच्या नावातच घालायला धाडस लागतं.

यातली दुसरी गरज, जमतंय ही जाणीव, आपल्याकडं तालमीत बघावी. छोटी छोटी यशं पदरात पडली की 'मला जमेल' हा विश्वास बसतो, असं मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांनी १९७७ मध्ये लिहिलं. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी तयार गड्याच्या अंगावर सोडत नाही. बरोबरीचा जोड बघतो, एकच डाव पंधरा दिवस घोटून घेतो. त्या डावावर पोरानं पहिल्यांदा कुणाला तरी चितपट केलं, की दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवायला आईला हाक मारावी लागत नाही.