एकल पृथ्वीप्रदक्षिणेसाठी शिडनौकेची सज्जता

एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्यापूर्वी नौकेची निवड, बांधणी किंवा दुरुस्ती, तिच्यावरील यंत्रणांची जोडणी, साठा आणि चाचण्या ही जी कामे करावी लागतात, त्यांना एकत्रितपणे ‘सज्जता’ ही संज्ञा लावता येईल. वेगविक्रमांच्या नोंदीसाठी मान्य असलेल्या निकषांनुसार प्रदक्षिणेचा आरंभ आणि शेवट एकाच बंदरात व्हावा लागतो, सर्व रेखावृत्ते आणि विषुववृत्त ओलांडावे लागते आणि अंतर किमान 21,600 सागरी मैल, म्हणजे सुमारे 40,000 किलोमीटर भरावे लागते. आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचे केप लीविन आणि दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न या तीन टोकांच्या दक्षिणेकडून जाणारा मार्ग सर्वांत कसोटीचा मानला जातो. या मार्गावर नौकेला कित्येक आठवडे 40° दक्षिण अक्षांशापलीकडच्या वादळी पट्ट्यात राहावे लागते. तेथे बंदर जवळ नसते आणि हाताखाली दुसरा माणूसही नसतो. सज्जतेची बहुतेक कामे या दुसऱ्या माणसाच्या अभावातून निघतात.

पहिली एकल प्रदक्षिणा जोशुआ स्लोकम याने 1895 ते 1898 या काळात पूर्ण केली. त्याची ‘स्प्रे’ ही सुमारे 37 फुटांची नौका मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे एका शेतात जीर्णावस्थेत पडून होती. ती त्याने तेरा महिने खपून जवळजवळ नव्याने बांधली आणि साहित्याचा खर्च 553.62 डॉलर नोंदवून ठेवला. बंदरात न थांबता पहिली एकल प्रदक्षिणा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने केली. 14 जून 1968 रोजी फालमथहून निघून तो 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी तेथेच परतला. हा प्रवास ‘गोल्डन ग्लोब’ या एकल शर्यतीचा भाग होता. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते आणि प्रदक्षिणा पुरी करणारा तो एकटाच होता. त्याची ‘सुहैली’ ही 32 फुटी नौका मुंबईत सागवानी लाकडात, वाकस (लाकूड तासण्याचे) आणि सामता (भोक पाडण्याचे) यांसारख्या जुन्या हत्यारांनी घडवलेली होती, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी सांगितली जात नाही.

भारतात या विषयाला चालना मिळाली ती व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या आग्रहामुळे. नौदलाच्या ‘सागरपरिक्रमा’ मोहिमेसाठी गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही 56 फुटी नौका बांधण्यात आली. तिचे नाव मांडवीच्या मूळ प्रवाहावरून घेतलेले आहे. आराखडा व्हॅन डी स्टाट या डच संस्थेचा होता आणि कवच, म्हणजे नौकेचे बाहेरचे अंग, सीडर लाकडाच्या पट्ट्यांवर आतून-बाहेरून फायबरग्लास व इपॉक्सी चढवून तयार केले होते. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केप टाउन असे चार थांबे घेऊन मे 2010 मध्ये परतले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी 1 नोव्हेंबर 2012 ते 31 मार्च 2013 या काळात न थांबता प्रदक्षिणा केली. तयारीच्या दृष्टीने दोंदे यांचा वेगळेपणा असा, की 2006 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन दुसऱ्या एकल प्रदक्षिणेस निघत असताना ते त्यांच्या नौकेच्या तयारीत मदतनीस म्हणून राबले, आणि मग ‘म्हादेई’ घडत असताना कारखान्यातच राहिले. कवचाच्या आत कोणती वायर कोठून गेली आहे, हे ज्याने ती घालताना पाहिले आहे त्याला रात्रीच्या अंधारातही सापडते. नौका पूर्ण झाल्यावर ती ताब्यात घेणाऱ्याला हे ज्ञान पैशाने विकत मिळत नाही.

कवचाबाबत पहिली अट अशी, की उलटल्यास नौकेने स्वतःहून सरळ व्हावे. त्यासाठी तळाशी शिशाचे किंवा लोखंडाचे जड कील असते आणि ते कवचाला ज्या बोल्टांनी जोडलेले असते, त्यांची तपासणी नौका पाण्याबाहेर काढूनच करावी लागते. जानेवारी 1997 मध्ये टोनी बुलिमोर यांच्या शर्यतीच्या नौकेचे कील तुटले, ती उलटली आणि ते उलट्या कवचाच्या पोटात काही दिवस तग धरून राहिले. ऑस्ट्रेलियन नौदलाने त्यांना वाचवले. अशा अपघातांनंतर शर्यतीच्या नौकांसाठी सरळ होण्याच्या चाचण्या अधिक कडक झाल्या. दुसरी अट जलरोधक भिंतींची आहे. नाळेकडचा (पुढच्या टोकाचा) आणि मागचा कप्पा असा बंद असावा, की तरंगते कंटेनर किंवा ओंडका आदळून एका कप्प्यात पाणी शिरले तरी उरलेल्यांवर नौका तरंगत राहील. लाकडी नौकेत प्रश्न सांध्यांचा असतो. ‘सुहैली’ अटलांटिकमध्येच गळू लागली, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात बुडी मारून सांध्यात कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी ठोकली आणि तिच्यावर तांब्याची पट्टी बसवली. म्हणजेच हे सारे साहित्य त्याच्या नौकेत होते. सुकाणूचे बेअरिंग, कवचातून आरपार जाणारे व्हॉल्व्ह आणि शंखशिंपले चिकटू न देणारा तळाचा रंग ही कामेही याच वेळी उरकून घेतात.

डोलकाठी आणि तिला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा हा नौकेचा सर्वांत अधिक थकणारा भाग आहे. तार मध्ये क्वचितच तुटते. ती टोकाच्या जोडात, जेथे खारे पाणी साचून राहते, तेथे आतून कुजते आणि बाहेरून चकचकीत दिसत राहते. म्हणून दहाएक वर्षांच्या तारा मोठ्या प्रवासापूर्वी दिसायला कितीही चांगल्या असल्या तरी बदलाव्यात, असा संकेत आहे. डोलकाठी मोडलीच तर तिचा पाण्यात लोंबणारा तुकडा कवचाला भोक पाडण्याच्या आत तारा कापता आल्या पाहिजेत. यासाठी हायड्रॉलिक कातर आणि तिला पर्याय म्हणून करवतीची भरपूर पाती हाताशी ठेवतात. शिडांपैकी मोठ्या शिडाला किमान तीन टप्प्यांत आखडण्याची सोय लागते, आणि वादळासाठी जाड कापडाची छोटी वेगळी शिडे लागतात. शीड आखडण्याचे सर्व दोर कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणू चालवण्याच्या जागेपर्यंत, आणले, की एकट्याला डोलकाठीपाशी जावे लागत नाही. मात्र त्यामुळे घर्षण वाढते आणि दोरांचा गुंताही होतो. या बाबतीत दोन मते आहेत, आणि दोन्ही बाजूंनी प्रदक्षिणा करून आलेले लोक आहेत.

एकल प्रवासाचा खरा दुसरा खलाशी म्हणजे स्वयंचलित सुकाणू. स्लोकमची ‘स्प्रे’ सुकाणू बांधून ठेवले तरी तासन्‌तास सरळ जात असे, पण तो गुण सर्व नौकांत नसतो. 1960 च्या एकल अटलांटिक शर्यतीसाठी ब्लाँडी हॅसलर यांनी वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र वापरले आणि या क्षेत्राचे स्वरूपच बदलले. नौकेच्या मागील बाजूस उभे केलेले एक हलके पाते वाऱ्याशी ठरावीक कोन राखते. नौका मार्गावरून ढळली, की पाते कलते आणि पाण्यातील एका वल्ह्याला पिळते. मग वाहत्या पाण्याच्या जोराने ते वल्हे बाजूला ढकलले जाऊन दोरांमार्फत सुकाणू ओढते. या यंत्राला वीज लागत नाही आणि वारा जितका जोरकस तितके ते अधिक ताकदीने काम करते. विजेवरचा ऑटोपायलट मंद वाऱ्यात अधिक अचूक असतो, परंतु तो बॅटरी पितो आणि त्याचे विद्युत्‌ भाग ओलाव्याने मरतात. दोन्ही बसवणे आणि ऑटोपायलटचे किमान एक पूर्ण सुटे यंत्र बरोबर घेणे, हा आज सर्वसाधारण प्रघात आहे. तरीही नौका कोणत्या वाऱ्यात कोणती शिडे लावली असता सुकाणूला हात न लावता तोल राखते, हे आधी शोधून वहीत लिहून ठेवावे. ‘सुहैली’चे सुकाणूयंत्र ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झाले, आणि पुढचा अर्ध्याहून अधिक प्रवास नॉक्स-जॉन्स्टनने अशाच तोलावर निभावला.

विजेसाठी सौरपट, पवनचक्की, पाण्यात ओढले जाणारे जनित्र आणि इंजिनवरील अल्टर्नेटर यांपैकी किमान दोन स्वतंत्र स्रोत असावेत.

पाण्याचा हिशेब साधा आहे. माणशी दररोज तीन लिटर धरले तर 150 दिवसांना 450 लिटर लागतात. समुद्राच्या पाण्यातून क्षार गाळून काढणारे यंत्र असले तरी त्यावर विसंबून टाक्या लहान करणे चूक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्व पाणी एका टाकीत नसावे. ‘सुहैली’च्या टाक्यांतले पाणी प्रवासाच्या पूर्वार्धातच दूषित झाले आणि पुढे शिडावर पडणारे पावसाचे पाणी धरून भागवावे लागले. अन्नाच्या बाबतीत वजन, इंधन आणि शिजवण्यास लागणारा वेळ हे तीन घटक पाहिले जातात. भारतीय नौदलाच्या मोहिमांत म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचे तयार पदार्थ नेण्यात आले. डब्यांवरचे कागद ओलाव्याने गळून पडतात, म्हणून डब्यावरच रंगाने नाव लिहावे लागते. नाहीतर केप हॉर्नपाशी प्रत्येक जेवण लॉटरीच ठरते.

सुट्या भागांची यादी करताना प्रत्येक यंत्र बिघडल्याचे गृहीत धरून, ते एका हाताने, डोलत्या नौकेत, घरून कोणी न येता कसे दुरुस्त होईल, असा विचार करावा लागतो. इंजिनाच्या प्रज्वलनातील फट मोजण्याचे साधन नॉक्स-जॉन्स्टनकडे नव्हते. त्याने वहीची पाने मोजून त्यांच्या जाडीने ती फट बसवली. अशी युक्ती सुचते ती यंत्र आतून माहीत असलेल्यालाच. आजच्या नौकांत बंद पेटीतली विद्युत्‌ यंत्रणा वाढली आहे आणि तिच्यापुढे वहीची पाने निरुपयोगी आहेत. म्हणून जे दुरुस्त करता येत नाही त्यावाचून नौका चालू शकली पाहिजे, हा दंडक पूर्वीपेक्षा आता अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो.

औषधपेटीत प्रतिजैविके, तीव्र वेदनाशामके, दात भरण्याचे साहित्य आणि टाके घालण्याची साधने असतात. 1992–93 च्या फ्रेंच एकल शर्यतीत बर्त्राँ द ब्रॉक यांनी डॉक्टरांच्या टेलेक्सवरील सूचनांनुसार स्वतःच्या जिभेला टाके घातले. डेकवर नाळेपासून मागपर्यंत ताणलेली पट्टी आणि तिला अडकवलेला कमरपट्टा ही सुरक्षेची पहिली पायरी आहे, कारण पाण्यात पडलेल्या एकट्या खलाशासाठी नौका मागे वळत नाही. 406 मेगाहर्ट्‌झचा आपत्कालीन प्रक्षेपक, जीवतराफा आणि हाताशी लटकवलेली आपत्कालीन पिशवी हे साहित्य झटकन उचलता येईल अशा जागी असावे. नोव्हेंबर 2022 मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत तापिओ लेहतिनेन यांची नौका अवघ्या पाच मिनिटांत बुडाली. तराफा आणि पिशवी तयार असल्यामुळे ते वाचले आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धक कर्स्टन नॉयशेफर यांनी त्यांना उचलले. 2018 मध्ये ‘सुहैली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडून अभिलाष टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली, तेव्हा त्यांना हलताही येत नव्हते. संपर्कयंत्र आडवे पडल्या जागी हाताला लागेल असे बांधलेले असावे, ही बाब तोवर अनेकांच्या यादीत नव्हती.

झोपेचीही व्यवस्था नौकेतच करावी लागते. जहाजांच्या वाटेवर वीसेक मिनिटांच्या तुकड्यांत झोपण्याची रीत आहे, कारण क्षितिजावर दिसू लागलेले जहाज साधारण तेवढ्याच वेळात जवळ येऊ शकते. जहाजांचे संकेत टिपून भोंगा वाजवणारी यंत्रणा आणि बिछान्यातून दिसणारा होकायंत्राचा आरसा किंवा पडदा यांमुळे हे तुकडे थोडे लांबवता येतात.

शेवटची पायरी सागरी चाचणीची असते. दोंदे यांनी मोहिमेपूर्वी ‘म्हादेई’ साथीदारासह मॉरिशसला नेली आणि परतीचा प्रवास एकट्याने केला. त्या प्रवासापर्यंत त्यांनी एकट्याने महासागर ओलांडलेला नव्हता. तयारीला लागणाऱ्या वेळाची मर्यादा मात्र ऋतू घालतो. केप हॉर्न डिसेंबर ते फेब्रुवारी या दक्षिणेकडील उन्हाळ्यात ओलांडायचे असल्याने निघण्याची तारीख तेथून मागे मोजली जाते. मुंबईहून थांबे घेत जाणाऱ्या दोंदे यांना त्यासाठी भर पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, समोरून येणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यात नौका बाहेर काढावी लागली.