घोडा आखडला: खुरात की पुठ्ठ्यात?

घोडागाडीच्या शर्यतींच्या हंगामात बेळगावकडच्या चिक्कोडी-रायबाग पट्ट्यात एकच सल्ला ऐकू येतो: "आखडलाय, जरा फिरवून आण, मोकळा होईल." हा सल्ला पुठ्ठ्याचे स्नायू आखडणं आणि खुराचा दाह अशा दोन वेगळ्या दुखण्यांना दिला जातो आणि दोन्हींत घात करतो.

पुठ्ठे आखडणं गाडीवाल्यांना ठाऊक आहे. दोन दिवस बांधून पुरा दाणा घातलेला घोडा एकदम जुंपला की घाम फुटतो, पुठ्ठे दगड होतात, लघवी काळपट तांबडी येते. जागेवर थांबवा, पाणी ठेवा, डॉक्टर बोलवा.

फसगत होते ती खुराच्या दाहात. रात्री दावं सुटून घोड्यानं मक्याच्या भरड्याचं पोतं रिकामं केलं, तरी सकाळी तो ठणठणीत दिसतो. "पचवलं गड्यानं!" नाही पचलेलं. उरलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात आंबतं, आतड्याचं अस्तर खराब होतं, विष रक्तात उतरतं आणि खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारे पदर सुजू लागतात. लंगडणं दिसतं ते बहुधा 16 ते 48 तासांनी. बर्फाचा खरा उपयोग त्याआधीच. म्हणून पोतं फुटलेलं दिसताच डॉक्टरला फोन आणि पाय बर्फाच्या पाण्यात, गुडघ्याखालच्या नळीच्या निम्म्यापर्यंत, सलग 48 तास तरी. वीस मिनिटं बर्फ चोळणं म्हणजे नुसतं समाधान.

आखडल्यावरच पाहिलं असेल तर बोटं मुठीच्या (नळीच्या खालच्या टोकाच्या) सांध्यामागं, दोन्ही बाजूंना ठेवा. एरवी जेमतेम लागणारी नाडी इथं ठणठण उडते, खूर गरम लागतो. घोडा पुढचे पाय पुढं टाकून भार मागं घेतो, त्यामुळं पुठ्ठे ताणलेले दिसतात आणि नजर तिथंच चुकते. लघवी मात्र नेहमीची. एकाच पायाची नाडी उडत असेल तर आधी नालेचा खिळा नाहीतर पू शोधा.

दुखणं थांबवायची सुई घरच्या घरी टोचू नका. खुराच्या दाहात डॉक्टर ती लवकर देतात, पण पुठ्ठ्याच्या दुखण्यात स्नायूंतून सुटलेल्या रंगद्रव्यानं मूत्रपिंडं आधीच तुंबत असतात. सलाईनआधी तीच सुई त्यांना आणखी मारते.

खूर धरलेल्या घोड्याखाली सहा इंच वाळू टाका. दाणा, गूळ, उसाचं वाडं बंद. गवत भिजवून द्या. आणि निरोगी 300 किलोच्या घोड्यालाही एका वेळी दीड किलोवर दाणा नको, मका तर त्याहून बराच कमी.