वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर आहे?

डोमेन आणि होस्टिंगबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बरेच जण सांगतात, "वेबसाइट आहे आमची, ओळखीतल्या एका मुलाने करून दिली होती." त्यावर आमचा प्रश्न ठरलेला असतो: डोमेन कोणाच्या नावावर घेतलंय? मग मालक मुलाकडे बघतात, मुलगा मोबाइलमध्ये बघतो. गुमास्ता परवाना कोणाच्या नावावर आहे ते सगळ्यांना पाठ असतं, डोमेनचं मात्र कोणालाच ठाऊक नसतं. हे पत्रक त्यासाठीच छापलं आहे.

आधी फरक समजून घ्या. डोमेन म्हणजे तुमच्या वेबसाइटचं नाव. होस्टिंग म्हणजे जिथे वेबसाइटच्या फाइली ठेवलेल्या असतात ती जागा, भाड्याने घेतलेल्या गाळ्यासारखी. दोन्हींची बिलं वेगळी, मुदती वेगळ्या, आणि बऱ्याचदा कंपन्याही वेगळ्या. या दोघांना जोडणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती 1983 साली आली. तुम्ही मोबाइलमध्ये "गॅसवाले" या नावाने नंबर ठेवता, नाव दाबता आणि फोन नंबरला लागतो, तसंच हे. गॅसवाल्यांचा नंबर बदलला तर तुम्ही नंबर तेवढा बदलता, नाव तेच राहतं. होस्टिंग कंपनी आवडली नाही तर बदलता येते ती याचमुळे. नवा नंबर सगळीकडे पोहोचायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात, इतकंच.

गाळा बदलता येतो. नाव हातचं गेलं तर अवघड.

देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांचा अनुभव सांगतो. ऐन एप्रिलमध्ये त्यांची वेबसाइट बंद पडली आणि तिथे भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. डोमेन घेतलं होतं पुतण्याने, त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर. पुतण्या कॉलेजातून बाहेर पडला, तो ईमेल बंद झाला, आणि मुदत संपत आल्याची स्मरणपत्रं कोणी न वाचता तिथेच पडून राहिली. आमच्याकडे आले तेव्हा नाव दंड भरून परत घेण्याच्या टप्प्यात पोहोचलं होतं. मिळालं, पण नेहमीच्या फीच्या कितीतरी पट मोजून. तोवर व्हॉट्सॲपने हंगाम निभावून नेला. पंचाईत झाली ती पेट्यांची, कारण प्रत्येक पेटीवर वेबसाइटचा पत्ता छापलेला होता.

डॉट कॉमचं गणित साधारण असं चालतं. मुदत संपल्यावर विक्रेती कंपनी जास्तीत जास्त 45 दिवस थांबू शकते. सगळ्या कंपन्या इतक्या थांबत नाहीत, काही तर नाव लवकर लिलावात काढतात. त्यानंतर 30 दिवस दंड भरून नाव सोडवता येतं. मग 5 दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते कोणीही उचलू शकतं. वेबसाइट मात्र बहुतेकदा पहिल्याच टप्प्यात बंद पडते, त्यामुळे "अजून वेळ आहे" या भरवशावर राहू नका.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही, तो भाडेपट्टाच असतो. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांचा घेता येतो. नोंद धंद्याच्या किंवा मालकाच्या नावावर करा. मोबाइल नंबर नोकराचा नको, स्वतःचा द्या. आणि ईमेल तुम्ही रोज उघडता तो द्या, पण त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, मग स्मरणपत्र येणार कुठे? ही चूक आम्ही जाणत्या लोकांकडूनही झालेली पाहिली आहे. वेबसाइट आम्हीच करून देत असलो तरी डोमेनच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडेच हवा. आम्ही द्यायला विसरलो तर मागून घ्या.

नाव निवडताना एकच कसोटी लावा: फोनवरून सांगा आणि समोरच्याला लिहायला सांगा. मराठी नावांची गंमत इथेच होते. "श्री"च्या शेवटी कोणी आय लिहितं, कोणी दोन ई. "लक्ष्मी"त कोणी एक्स घालतं, कोणी के-एस-एच. दोनदा स्पेलिंग सांगावं लागलं तर ते नाव सोडा, किंवा परवडत असेल तर दोन्ही स्पेलिंगं घेऊन ठेवा. नावात आडवी रेघ नको, फोनवर ती कोणीच सांगत नाही.

शेवटी डॉट कॉम लावायचं की डॉट इन? ग्राहक भारतातले असतील तर डॉट इन उत्तम. निक्सी ही संस्था ते सांभाळते आणि 2005 पासून ते सर्वांना सहज मिळतं. देवनागरीत डॉट भारतही 2014 पासून मिळतं. पाटीवर ते झकास दिसतं, पण अजून अनेक ऑनलाइन फॉर्म देवनागरी ईमेल घेत नाहीत, म्हणून ते जोडीला घ्या, एकटं नको. डॉट बँक डॉट इन मागायला काही पतसंस्थावाले आले होते. रिझर्व्ह बँकेने ते फक्त बँकांसाठी ठेवलं आहे.

होस्टिंगबद्दल थोडक्यात. लहान धंद्याला शेअर्ड होस्टिंग पुरतं. त्यात एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट असतात, चाळीतल्या सामाईक नळासारख्या. शेजाऱ्याने नळ सोडून ठेवला की तुमचं पाणी बारीक होतं. जाहिरातीत "अमर्याद" लिहिलेलं असलं तरी नियमांत कुठेतरी मर्यादा असतेच. पण वेबसाइट हळू चालण्याचं कारण बहुतेकदा वेगळंच सापडतं: मोबाइलवर काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवलेले असतात. ते आधी लहान करा. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा, आणि वर 18 टक्के जीएसटी धरा. बॅकअप कधी घेतला जातो आणि परत चढवून कोण देतं, हेही विचारा. पत्त्याच्या सुरुवातीच्या https साठी लागणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. त्याचे वेगळे पैसे लावले तर कशाचे ते विचारा.

होस्टिंग बदलताना ईमेलची आठवण ठेवा. डीएनएसमध्ये टपाल कुठे पोहोचवायचं याची वेगळी नोंद असते, तिला एमएक्स म्हणतात. वेबसाइट हलवताना ती नोंद राहून गेली की वेबसाइट छान दिसते आणि ऑर्डरींचे ईमेल यायचे बंद होतात. ग्राहकाने फोन करून विचारेपर्यंत पत्ताही लागत नाही.

"तुमचं डोमेन संपत आहे, ताबडतोब भरा" अशी अनोळखी कंपन्यांची बिलंही येतात. बारीक अक्षरांत वाचलं तर ती भलत्याच सेवेची निघतात. ज्यांच्याकडून डोमेन घेतलं त्यांनाच पैसे द्या. शंका आली तर भरण्याआधी ते बिल आमच्याकडे घेऊन या. पाहून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. येताना डोमेनची पहिली पावती सापडली तर तीही आणा.