लूज-अग्रेसिव्ह खेळाबद्दलचे गैरसमज आले कुठून?

पोकरमधे लूज-अग्रेसिव्ह, म्हणजे भरपूर डाव आक्रमकपणे खेळायची, सगळे जिला लॅग म्हणतात ती स्टाइल, तिच्याबद्दल बहुतेकांची समजूत एवढीच असते की हातात काहीही येवो, रेझ मारायचा (म्हणजे बेट वाढवायची) आणि समोरचा घाबरेपर्यंत ब्लफ, म्हणजे चांगले पत्ते असल्याचा आव, करत राहायचं. असा खेळणारा माणूस असतो खरा पण त्याला मॅनियाक म्हणतात, आणि त्याचे चिप्स कुठे जातात ते टेबलावरच्या सगळ्यांना माहीत असतं. मग हे दोन एकच कसे झाले? माझ्या मते याला टीव्ही बऱ्यापैकी जबाबदार आहे, पण सुरुवात त्याच्या खूप आधीची.

डॉयल ब्रन्सन हा टेक्सासमधे गावोगाव फिरून खेळणाऱ्या जुन्या जुगाऱ्यांपैकी एक. 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेचा मेन इव्हेंट, म्हणजे मुख्य सामना, जिंकला आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात होती दश्शी-दुर्री. झालं, हा माणूस काहीही घेऊन खेळतो अशी दंतकथा तयार. आता शेवटच्या डावात टेबलावर दोनच जण उरलेले असतात, तिथे पत्त्यांची किंमत पूर्ण बदलते, नऊ जणांत फेकून द्यायचे पत्ते दोघांत खेळता येतात, शिवाय दोन्ही वेळा बोर्डावर, म्हणजे टेबलावरच्या सामाईक पत्त्यांशी जुळून, त्याचा फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) लागला, हे कोण सांगत बसणार!

1978 मधे त्याने 'सुपर सिस्टम' हे पुस्तक काढलं, त्याकाळी 100 डॉलरला, आणि त्यात स्वतःचा हिशोब उघडा करून टाकला. सतत दाबून खेळून कुणालाच नको असलेले छोटे छोटे पॉट (डावात जमलेले पैसे) उचलायचे, त्यातून जमलेल्या पैशावर मधूनमधून एखादा मोठा धोका घ्यायचा. मोठ्या पॉटमधे सगळे चिप्स आत जातात तेव्हा आपण बरेचदा मागेच असतो हेही त्याने कबूल केलंय. म्हणजे कमाई त्या थरारक ऑल-इनमधे नव्हतीच, ती होती कंटाळवाण्या छोट्या पॉटमधे. पण लक्षात राहिले फक्त ऑल-इन.

हे चालायचं कशामुळे, तर साधं गणित आहे. जोडी नसलेले दोन पत्ते घेतले तर फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, त्यातल्या एकाची तरी जोडी लागण्याची शक्यता साधारण 3 मधे 1. म्हणजे समोरच्यालाही बहुतेक वेळा काही लागलेलं नसतं. 100 च्या पॉटमधे तुम्ही 50 लावले तर 3 पैकी 1 वेळा तो फोल्ड झाला (पत्ते टाकून दिले) तरी तुमचं नुकसान नाही, आणि तो त्याहून जास्त वेळा फोल्ड होत असेल तर पत्ते न बघता सुद्धा नफा. पण तो फोल्ड होणारा पाहिजे! जो शेवटपर्यंत कॉलच करतो, म्हणजे तुमच्याइतकेच पैसे भरून डावात राहतो, त्याच्यापुढे हे सगळं मुसळ केरात, आणि ही अट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते.

दुसऱ्या बाजूला डेव्हिड स्क्लान्स्कीसारखे पोकरवर लिहिणारे लोक पत्त्यांचे ग्रुप पाडून कमी डाव खेळा आणि जोरात खेळा असं शिकवत होते. तो सल्ला मुख्यतः लिमिट खेळासाठी होता, तिथे बेटची रक्कम ठरलेली, त्यामुळे दाबून कुणाला बाहेर काढणं अवघड. पुढे लोकांनी तोच सल्ला नो-लिमिटला, जिथे कितीही लावता येतं, लावला आणि टाइट म्हणजे हुशार, लूज म्हणजे जुगारी अशी विभागणी होऊन बसली.

मग आला टीव्ही. 1999 मधे ब्रिटनच्या 'लेट नाइट पोकर'ने खेळाडूंचे लपवलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवले आणि 2003 पासून वर्ल्ड पोकर टूर या स्पर्धामालिकेने अमेरिकेत तेच केलं. तिथे स्टार झाला डेन्मार्कचा गस हॅन्सन, पहिल्या दोन सीझनमधेच तीन विजेतेपदं, आणि पत्ते असे की बघणारा डोक्याला हात लावेल. आता त्या फायनल टेबलवर खेळाडू फक्त सहा, ब्लाइंड्स (पत्ते बघण्याआधीच भरावी लागणारी बेट) चढलेले, वाट बघत बसलात तर ब्लाइंडच तुम्हाला खातात, म्हणजे तिथे सैल खेळणं भागच होतं. त्यात काही तासांचा खेळ कापून थोडक्यात दाखवलेला, गुपचूप फोल्ड केलेले डाव कोण दाखवणार? लोकांनी हे बघितलं आणि नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या पोझिशनवरून, म्हणजे सगळ्यांच्या आधी निर्णय घ्यायच्या जागेवरून, अठ्ठी-पंजी घेऊन रेझ मारायला सुरुवात केली. त्याच 2003 ला ख्रिस मनीमेकर ऑनलाइन सॅटेलाइटमधून (पात्रता स्पर्धेतून) येऊन मेन इव्हेंट जिंकला, तेव्हा 839 जण होते, 2006 ला 8773. एवढ्या नव्या लोकांपैकी बऱ्याच जणांचं शिक्षण टीव्हीवरच झालेलं.

मोठ्या बेट लावल्याशिवाय लॅग होतच नाही हा अजून एक गैरसमज, पण डॅनियल नेग्रानू या खेळाडूचा स्मॉल बॉल बरोबर उलटा होता: डाव भरपूर, रेझ लहान, पॉट आटोक्यात.

ऑनलाइनमुळे निदान आकडे तरी मिळाले. डाव नोंदवणाऱ्या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमधे दिसायला लागलं की सहा जणांच्या टेबलावर चांगला टाइट खेळाडू साधारण 20 टक्के डाव खेळतो, चांगला लॅग 25 ते 30, आणि 50 च्या वर गेला तो मॅनियाक. म्हणजे अस्सल लॅगवाला सुद्धा 100 पैकी 70 तरी डाव फेकूनच देतो! आणि जास्तीचे जे डाव खेळतो ते मुख्यतः बटनवरून (डीलरच्या जागेवरून) किंवा त्याच्या शेजारून, जिथे फ्लॉपनंतर सगळ्यांचं बघून शेवटी निर्णय घेता येतो. 2009 मधे इसिल्दूर1 या नावाने खेळणाऱ्या व्हिक्टर ब्लोमने मोठमोठ्या पॉटनी सगळ्यांना वेड लावलं आणि 'लॅग म्हणजे जिगर' हे परत रुजलं, पण त्याच वर्षी डिसेंबरमधे ब्रायन हेस्टिंग्सने एका बैठकीत त्याचे 40 लाख डॉलरच्या वर काढले ती गोष्ट तेवढ्या चवीने सांगितली जात नाही.

2015 नंतर सॉल्व्हर, म्हणजे उत्तम खेळ गणिताने काढणारी सॉफ्टवेअर, हातात आले आणि लॅग बरा की टाइट हा वादच जरा विचित्र वाटायला लागला, कारण सॉल्व्हर सहा जणांत पहिल्या पोझिशनवरून 20 टक्क्यांच्याही आत डावांत रेझ मारून उतरतो आणि बटनवरून 40 च्या पुढे.