माझदाचं तिकोनी इंजिन आणि न घातलेली बंदी

सध्या एक रील फिरतंय, गाड्यांची आवड असलेल्या बऱ्याच जणांनी बघितलं असेल. केशरी-हिरवी रेसिंग कार कानठळ्या बसवत जाते आणि खाली लिहिलेलं असतं की हे इंजिन इतकं जबरदस्त होतं की जिंकल्यावर लगेच त्याच्यावर बंदी घातली आणि पिस्टनची म्हणजे दट्ट्याची नेहमीची इंजिनं बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी मिळून हे तंत्रज्ञान दाबून टाकलं. मग कमेंटमध्ये पाण्यावर चालणाऱ्या गाडीचे दाखले सुरू होतात, शोध लावणाऱ्याला गायब केलं वगैरे. पाणी हे हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेलं असतं, ते परत जाळून ऊर्जा मिळत नाही, हे आपण आठवी-नववीत शिकतो आणि तरी दरवर्षी तोच व्हिडिओ नव्याने फॉरवर्ड होतो. असो. रीलमधली ती गाडी म्हणजे माझदा ७८७बी, तिच्यात पिस्टनऐवजी तिकोनी तुकडा फिरणारं रोटरी ऊर्फ वँकेल इंजिन होतं, आणि तिची खरी गोष्ट या कटकारस्थानापेक्षा कितीतरी सरस आहे.

आपल्याकडे माझदा हे नाव कारमुळे नाही तर स्वराज माझदामुळे माहिती आहे. पंजाब ट्रॅक्टर्सबरोबर १९८३ मध्ये ही भागीदारी सुरू झाली आणि त्यांच्या मिनीबस, स्कूलबस, छोटे ट्रक महाराष्ट्रातही भरपूर फिरले. पुढे ती कंपनी एसएमएल इसुझु झाली आणि २०२५ मध्ये महिंद्राने ती घेतली. माझदाची स्वतःची कार मात्र भारतात विकली जात नाही, त्यामुळे ही कंपनी जपानमधली सगळ्यात हट्टी इंजिनिअरांची कंपनी म्हणून का ओळखली जाते ते आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

कंपनी हिरोशिमाची. १९२० मध्ये सुरू झाली तेव्हा बुचाचं लाकूड म्हणजे कॉर्क बनवायची, जुजिरो मात्सुदा १९२१ मध्ये प्रमुख झाले, मग मशीन टूल्स आणि १९३१ मध्ये तीनचाकी मालवाहू गाडी. ६ ऑगस्ट १९४५ ला, अणुबॉम्ब पडला त्या दिवशी, मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. कारखाना स्फोटाच्या जागेपासून काही किलोमीटर लांब आणि मधे टेकडी, म्हणून तो बराचसा वाचला, आणि शहर उद्ध्वस्त झाल्यावर प्रांताचं सरकारी कामकाज काही काळ याच कंपनीच्या इमारतीतून चाललं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तीनचाक्या परत बनायला लागल्या.

१९६० च्या सुमाराला जपान सरकारच्या उद्योग खात्याला वाटत होतं की देशात कार कंपन्या फार झाल्यात, लहानांनी मोठ्यांत मिसळून जावं. जुजिरोंचा मुलगा त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होता. स्वतंत्र राहायचं तर दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे पाहिजे असं त्याने ठरवलं आणि जर्मनीतल्या एनएसयू कंपनीकडून फेलिक्स वँकेल यांच्या रोटरी इंजिनाचं लायसन्स घेतलं. १९६३ मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा वेगळा विभाग झाला.

आता त्या इंजिनाकडे येऊ, कारण मला खरं तर याच्याबद्दलच लिहायचंय. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, उलटा फिरतो, खाली येतो, परत थांबतो, सेकंदाला शंभर वेळा हे चाललेलं असतं. वँकेल इंजिनात पिस्टनच नाही. मधोमध किंचित चेपलेल्या लंबगोल घरात, ज्याला हाउसिंग म्हणतात, एक फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो आणि त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे त्रिकोणाच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामधे तीन कप्पे तयार होतात, ते फिरता फिरता मोठे-लहान होतात आणि इंधन-हवा आत घेणं, दाबणं, जाळणं, धूर बाहेर टाकणं ही शाळेत शिकलेली चारही कामं एकाच फेरीत एकापाठोपाठ उरकतात. हवा-धुराची वाट उघडबंद करणारे व्हॉल्व्ह नाहीत, ते हलवणारा कॅमशाफ्ट नाही.

अ‍ॅनिमेशन बघून बऱ्याच जणांना वाटतं की त्रिकोण जागच्या जागी गोल फिरतोय. तसं अजिबात नाही. त्रिकोणाचं म्हणजे रोटरचं केंद्रसुद्धा एका छोट्या वर्तुळात फिरत असतं. सैल बांगडी बोटात घालून गरगर फिरवून बघा, बांगडीचं केंद्र बोटाभोवती भराभर फिरतं पण बांगडीवर नेलपॉलिशचा एक ठिपका लावला तर तो ठिपका मात्र अगदी सावकाश पुढे सरकतो, कारण बांगडी बोटावर लोळत असते. रोटरच्या पोटात आतल्या बाजूला दाते असलेलं असंच एक कडं असतं, माझदाच्या १३बी इंजिनात त्याला ५१ दाते, आणि ते ज्याच्यावर लोळतं ते बाजूच्या भिंतीला पक्कं बसवलेलं गिअर ३४ दात्यांचं. केंद्राची एक फेरी पूर्ण झाली की रोटर स्वतःभोवती १ वजा ३४/५१, म्हणजे बरोब्बर एक तृतीयांश वळतो. आणि शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर नेणारा दांडा, केंद्राबरोबर फिरतो, रोटरबरोबर नाही! म्हणून शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा रोटरची एक होते. मिनिटाला किती फेऱ्या ते दाखवणाऱ्या टॅकोमीटरवर ६००० दिसत असेल तर रोटर बिचारा २००० नेच फिरतोय. एका फेरीत तिन्ही बाजूंवर एकेक स्फोट, म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला एक, तर चार स्ट्रोकच्या पिस्टनला दोन फेऱ्यांत एकच मिळतो. छोट्या इंजिनातून एवढी पॉवर निघते त्याचं कारण हे आहे.

आणखी एक सुंदर गोष्ट. रोटरचं केंद्र नेमक्या वर्तुळात फिरत असल्यामुळे त्याचा तोल शाफ्टवर उलट बाजूला वजन लावून जवळजवळ पूर्ण साधता येतो, म्हणून हे इंजिन इतकं गुळगुळीत चालतं. पिस्टनचं तसं नाही, त्याच्या मागेपुढे होण्यात वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे हादरे मिसळलेले असतात आणि ते मारायला जास्त सिलिंडर किंवा वेगळे बॅलन्स शाफ्ट लागतात.

त्या चेपलेल्या लंबगोलाला एपिट्रोकॉइड म्हणतात, आणि तो कोणाच्या मनातला आकार नाही, फिरत्या त्रिकोणाचं टोक हवेत जी रेघ काढतं तीच भिंत. फक्त तीन मापं सांगितली की अख्खं इंजिन ठरतं: केंद्र किती बाजूला सरकलंय ते e, केंद्रापासून टोकापर्यंतचं अंतर R, आणि रोटरची जाडी b. एका कप्प्याचं घनफळ येतं ३√३ × e × R × b. १३बीसाठी e १५ मिमी, R १०५ मिमी, b ८० मिमी घाला, ६५४ सीसी येतात, दोन रोटरचे १३०८. जाडी ६० करा, ४९१ सीसी, हे माझदाच्या पहिल्या रोटरी गाडीचं, कॉस्मोचं, १०ए इंजिन. ७० करा, ५७३, हे नंतरच्या स्पोर्ट्स कारचं, पहिल्या आरएक्स-७ चं, १२ए. म्हणजे माझदाने कित्येक वर्षं तोच त्रिकोण ठेवून फक्त जाडी बदलत नवी इंजिनं काढली, मला हे गणित पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. ज्यांना आकडे नकोत त्यांनी एवढंच धरून चाला की R आणि e यांचं गुणोत्तर इथे ७ आहे, पुढे ते लागणार आहे.

कारण आता खरं दुखणं येतं. त्रिकोणाच्या तीन टोकांना खाचेत बसवलेल्या पट्ट्या असतात, एपेक्स सील. एका कप्प्यात स्फोट होत असताना शेजारच्या कप्प्यात नुसतं हवा-इंधन असतं, दोघांच्या मधे ही जेमतेम काही मिलिमीटर जाडीची पट्टी. पिस्टनच्या रिंगा भिंतीला कायम काटकोनात टेकतात, ही पट्टी मात्र भिंतीशी सतत कोन बदलत घासते, कधी पुढे कलते कधी मागे. जास्तीत जास्त कल किती, तर ज्या कोनाचा साइन ३e/R म्हणजे ३/७ येतो तेवढा, साधारण २५ अंश. शिवाय दाब कधी पुढून कधी मागून, त्यामुळे पट्टी खाचेत एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटते. सुरुवातीच्या इंजिनांत काही तास चाचणी झाली की हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर एकसारख्या अंतरावर आडवे ओरखडे उठायचे. माझदाचे लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. अंतर एकसारखं आहे यातच खरी मेख होती. नुसती झीज असती तर ती कुठेही कशीही झाली असती, पण सारख्या अंतराच्या लाटा म्हणजे पट्टी तिच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येने थरथरतेय आणि प्रत्येक थरथरीला भिंतीला चावतेय. म्हणजे प्रश्न पट्टी मऊ की कडक एवढाच नव्हता, तर ती कशी कंप पावते हा होता. त्यांनी पट्टीच्या आत आडवी-उभी भोकं पाडून तिची कंपनसंख्या बदलली, ओरखडे थांबले, आणि मग प्रत्यक्ष गाडीसाठी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेली पट्टी बनवली.

१९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली, ११० हॉर्सपॉवर. पुढच्या वर्षी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला ८४ तासांची शर्यत होती तिथे दोन कॉस्मो पाठवल्या, एकीचा मागचा एक्सल ८२ व्या तासाला गेला आणि दुसरी चौथी आली. इंजिनांनी दगा दिला नाही. ज्यांनी लायसन्स विकलं त्या एनएसयूची रो-८० ही रोटरी गाडी पण १९६७ चीच, तिला युरोपात कार ऑफ द इयर मिळालं पण इंजिनं इतकी परत यायला लागली की वॉरंटीच्या खर्चाने कंपनीच मोडकळीला आली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पोटात गेली. जनरल मोटर्स, मर्सिडीज, सित्रोएन, सुझुकी अशा कित्येकांनी हे इंजिन करून बघितलं आणि एकेकाने सोडून दिलं. कोणी दाबून टाकलं नाही, सगळ्यांनी पैसे ओतले होते.

का सोडलं? लोक म्हणतात सील टिकत नाही. माझं मत वेगळं आहे, सील हा मटेरियलचा प्रश्न होता आणि तो माझदाने बऱ्यापैकी सोडवला. न सुटणारा प्रश्न भूमितीचा आहे. पिस्टन इंजिनात स्फोटाच्या क्षणी जागा आटोपशीर असते, ठिणगी मधोमध पडते आणि ज्योत सगळीकडे पोचते. रोटरीत तीच जागा लांबट, चपटी, आणि शिवाय सरकती! ज्योत पुढच्या बाजूला नीट जाते पण मागच्या चिंचोळ्या टोकाला थंड भिंतीजवळ विझते, तिथलं इंधन न जळता धुराड्यातून निघून जातं. म्हणून प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग लावतात. आकारमानाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ जास्त म्हणून उष्णताही जास्त वाया जाते. त्यात सील ओलं ठेवायला मुद्दाम थोडं ऑइल आत सोडावं लागतं आणि ते जळतं, आरएक्स-७ नंतर आलेल्या आरएक्स-८ चे मालक ऑइल कमी झालं म्हणून घाबरतात पण ते डिझाइनमधेच आहे.

अमेरिकेत १९७० मध्ये धुराचे कडक नियम आले तेव्हा माझदाने न जळलेलं इंधन धुराड्याजवळच एका तापलेल्या डब्यात, थर्मल रिअ‍ॅक्टरमध्ये जाळून टाकायची युक्ती केली. हवा स्वच्छ झाली, पण तो डबा तापता ठेवायला इंधन जास्त सोडावं लागायचं. आणि १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. माझदाच्या गाड्या पडून राहिल्या, सुमितोमो बँकेने कंपनी सावरली, कारखान्यातल्या कामगारांना शोरूमवर गाड्या विकायला पाठवावं लागलं, १९७९ मध्ये फोर्डने सुमारे एक चतुर्थांश हिस्सा घेतला. दुसऱ्या कोणी तिथेच रोटरी बंद केलं असतं, यांनी १९७८ मध्ये आरएक्स-७ आणली आणि ती आठ लाखांवर विकली.

मग १९९१ चं ल मां, फ्रान्समधली २४ तासांची प्रसिद्ध शर्यत. ७८७बी, चार रोटर, २.६ लिटर, साधारण ७०० हॉर्सपॉवर, सिरॅमिकचे सील, आणि प्रत्येक रोटरला दोन नाही तर तीन प्लग, म्हणजे मागच्या टोकाचं इंधन जाळायचा जुनाच प्रश्न. वाइडलर, हर्बर्ट आणि गाशो या तिघांनी ३६२ फेऱ्या मारल्या. नशीब पण होतं, आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत गळाली, आणि माझदाला गाडी ८३० किलोचीच ठेवायची सवलत मिळाली होती जेव्हा मर्सिडीज-जॅग्वार १००० किलोच्या होत्या. जपानी कंपनीने ल मां जिंकायची ही पहिलीच वेळ, त्यानंतर टोयोटाला २०१८ पर्यंत थांबावं लागलं. आणि ती बंदी? ३.५ लिटरच्या, टर्बो नसलेल्या पिस्टन इंजिनांचे नवे नियम या शर्यतीच्या आधीच ठरले होते. जिंकले म्हणून काढलं हे साफ चूक आहे, या इंजिनाचं तसंही हे शेवटचंच वर्ष होतं. पुढच्या वर्षी माझदा पिस्टन इंजिन घेऊन उतरली.

आरएक्स-८ २०१२ मध्ये बंद झाली. २०२३ मध्ये एमएक्स-३० आर-ईव्ही या विजेच्या मोटरवर चालणाऱ्या गाडीत रोटरी परत आलं पण चाकं फिरवायला नाही, बॅटरी चार्ज करायच्या जनरेटरसाठी. छोटं, हलकं, न हादरणारं इंजिन मोटरच्या शेजारी एका दांड्यावर बसतं, हे काम त्याच्या अंगाला शोभतं. इथे माझदाने १०५ मिमीचा जुना त्रिकोण सोडला: R १२०, e १७.५, जाडी ७६, वरच्या सूत्रात घातलं की ८३० सीसी येतात. कप्पा कमी चपटा व्हावा, इंधन थेट आत फवारावं, सीलची जाडी २ वरून २.५ मिमी, असे सगळे बदल त्या मागच्या न जळणाऱ्या टोकासाठी आणि गळतीसाठीच आहेत. तरीसुद्धा जनरेटर चालू असताना ही गाडी चांगल्या पेट्रोल हायब्रिडइतकं मायलेज देत नाही, हेही सांगायला पाहिजे.

आता आयकॉनिक एसपी नावाची दोन रोटरची स्पोर्ट्स कार त्यांनी कन्सेप्ट म्हणून दाखवली आहे आणि रोटरीचा वेगळा विभाग पुन्हा उभा केलाय. ती विक्रीला आली तर सगळे हॉर्सपॉवरचा आकडा बघतील. मी आधी धुरातल्या हायड्रोकार्बनचा म्हणजे न जळलेल्या इंधनाचा आकडा बघणार आहे, म्हणजे ते मागचं टोक जळलं की नाही ते कळेल.