द डचेस ऑफ माल्फी (नाटक)

इंग्रज नाटककार जॉन वेबस्टरनं १६१२-१३ च्या सुमारास लिहिलेलं सूडनाट्य, छापून आलं १६२३ मध्ये. शेक्सपिअरच्याच किंग्ज मेन नाटक कंपनीनं ते लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स आणि ग्लोब या दोन्ही नाट्यगृहांत केलं. कथा इटलीतली, मूळ डचेस खरीखुरी होती: जोव्हाना द अरागोना.

तरुण विधवा डचेसनं परत लग्न करू नये असं तिच्या दोन भावांचं म्हणणं, एक ड्यूक फर्डिनांड (हा तिचा जुळा) आणि दुसरा कार्डिनल (कॅथलिक चर्चमधला बडा धर्माधिकारी), आणि ती नेमकी आपल्या कारभाऱ्याशी, अंतोनियोशी लग्न करते. तो सीन भारी आहे. हिशोब-मृत्युपत्राच्या निमित्तानं त्याला बोलावते, त्याचा डोळा लाल दिसतोय म्हणून स्वतःची अंगठी बोटात घालायला लावते, तो गुडघे टेकतो तर ती त्याला उठवते. मागणी तिलाच घालावी लागते, कारण नोकर मालकिणीला विचारणार कसा! भटजी-पाद्री कुणी नाही, साक्षीला फक्त दासी कॅरिओला. पण असं लग्न त्या काळी इंग्लंडमध्ये वैध धरलं जायचं, १७५३ च्या विवाह कायद्यापर्यंत.

भावांचा राग खानदानाचं रक्त बाटलं म्हणून, असं वरवर दिसतं. पण फर्डिनांड नंतर बोलून जातो की ती विधवाच राहून मेली असती तर तिची अफाट संपत्ती मिळेल अशी आशा होती, त्यामुळे अब्रूची भाषा कितपत खरी मानायची हा प्रश्नच आहे (बहिणीबद्दलची त्याची आसक्तीही बऱ्याच समीक्षकांना दिसते, आणि ती दिसण्यासारखीच आहे).

खरा सडका दरबार कळतो तो बोसोलामुळे. कार्डिनलसाठी खून करून त्याची शिक्षा म्हणून गलबतावर वल्ही मारून आलेला हा माणूस, त्याला डचेसच्या पागेचं पद देऊन हेर म्हणून बसवतात. ती गरोदर आहे का बघायला तो तिला जर्दाळू आणून देतो, ती अधाशासारखी खाते, मग तो सांगतो की माळ्यानं ते घोड्याच्या लिदीत पिकवलेत, आणि तिला तिथेच कळा सुरू होतात. पुढे तोच मारेकऱ्यांकडून तिचा गळा आवळवतो आणि बक्षीस मागायला गेल्यावर फर्डिनांड म्हणतो, या खुनाची तुला माफी, हेच बक्षीस. तिथून बोसोला उलटतो, पण सूड घ्यायला निघालेला हा माणूस अंधारात चुकून अंतोनियोलाच मारतो.

शेवटी डचेस-अंतोनियोचा मोठा मुलगा आईच्या हक्कानं वारस म्हणून पुढे आणला जातो. आधीच्या नवऱ्यापासूनही तिला एक मुलगा होता असा तिसऱ्या अंकात ओझरता उल्लेख आहे, त्याचं काय झालं ते वेबस्टर बहुतेक विसरला.